साठ्याला वाट हवी

(भामरागड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला सरळच विचारलं, ‘मॅडम, आमच्या तालुक्यात पोटापुरतं मिळवतानाच जीव मेटाकुटीला येतो. तिथं जास्त साठवण्याच्या आजारावर बोलून काय उपयोग?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना माझ्या लक्षात आलं की हा आजार नीट समजून घ्यायचा तर भामरागडसारखी जागा शोधून सापडणार नाही. साठवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

आज जूनचा पहिला आठवडा आहे. या गावात कुणाच्याही घरात डोकावा, साठा दिसेल. शेणामातीनं लिंपलेल्या ढोलीत धान आहे. पडवीत फोडून रचलेलं सरपण आहे. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे वेचलेली आणि अंगणात वाळवलेली मोहफुलं आहेत, चिंच आहे, सुकी मासळी आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथं एकमेकींना भेटतात. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जायचं आणि तालुका बाकीच्या जिल्ह्यापासून तुटायचा, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आतल्या गावांना तर साधा नालाही अडवतो. म्हणून सरकारसुद्धा साठा करतं. नवसंजीवन योजनेखाली दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवावं लागतं. या साऱ्याला कुणी वेड म्हणत नाही, म्हणूही नये.

मग आजार कुठं सुरू होतो? घरात किती सामान आहे, यावरून ते ठरत नाही. चंद्रपूरच्या एखाद्या भंगारवाल्याच्या वाड्यात जेवढा पसारा असतो तेवढा माझ्या एकाही रुग्णाच्या घरात मी पाहिलेला नाही. पण तो माणूस ठणठणीत असतो, कारण त्याचा माल किलोवर येतो आणि किलोवर जातो. इथले माडिया आदिवासी घरातलं बियाणं वर्षभर जिवापाड जपतात, ते मृगाच्या पावसात मातीत टाकण्यासाठीच. पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, झाल्याशिवाय नवं पीक, नवा आंबा तोंडात घालायचा नाही हा नियम, आणि पंडुम झाला की सगळ्यांनी मिळून खायचं हाही नियमच. साठ्याला आत यायचा दिवस आहे तसा बाहेर जायचाही दिवस आहे. ज्या साठ्याची बाहेर जायची वाट बंद होते, तिथं विचार करावा लागतो.

मानसोपचारशास्त्रानं ही गोष्ट फार उशिरा ओळखली. मे 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती आली, त्यात पहिल्यांदा ‘होर्डिंग डिसऑर्डर’ला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. मी त्याला साठवणविकार म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली आणि 1 जानेवारी 2022 पासून ती लागू झाली. तिच्यातही हा आजार आला. त्याआधी त्याला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक पदर समजत, नाही तर स्वभावदोष.

निदानाच्या कसोट्या साध्या भाषेत अशा आहेत. वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकून देणं माणसाला सतत जड जातं. ती ठेवलीच पाहिजे असं त्याला आतून वाटतं आणि टाकायची वेळ आली की जिवाची तगमग होते. परिणामी राहती जागा इतकी भरते की ती ज्या कामासाठी आहे त्या कामाला उरत नाही. चुलीपाशी रांधता येत नाही, खाटेवर झोपता येत नाही. आणि या सगळ्यामुळे त्याचं जगणं, नाती किंवा सुरक्षितता खरोखर अडचणीत येते. मेंदूला झालेली इजा, स्मृतिभ्रंश, खोल नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांतही पसारा साठतो, पण त्याची कारणं निराळी असतात, उपचारही निराळे. म्हणून आधी डॉक्टरनं नीट तपासायचं आणि मगच नाव द्यायचं.

एक घर तुम्हाला जवळून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चंद्रपूरकडच्या एका खाणवस्तीत एक निवृत्त कारकून राहत होते. सून त्यांना मामाजी म्हणायची, मी काकाजी म्हणू लागले. दोन खोल्या, आणि दोन्हींमधून जायला एक पाऊलवाट. बाकी वर्तमानपत्रं, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, औषधांची रिकामी खोकी, बंद पडलेले पंखे, लग्नपत्रिका. आम्ही दोघं एका गठ्ठ्यासमोर बसलो. गठ्ठ्यातला वरचा कागद मी उचलला. 2004 सालचं विजेचं बिल होतं.

‘काकाजी, हे ठेवायचं की काढायचं?’

‘ठेवा ना. मागून कोरं हाये. हिशेब लिवाले कामी येते.’

‘अशा कागदावर याआधी हिशेब लिहिला का कधी?’

‘लिवन ना.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘नाही तं द्या, टाकूनच देतो.’

त्यांनी बिल दाराकडच्या टोपलीत टाकलं. लगेच परत उचललं. तारीख वाचली, आकडा वाचला, त्या महिन्यात बायको दवाखान्यात होती हे आठवलं. कपाळावर घाम आला. मग त्यांनी तो कागद हातानं सरळ केला, त्याच गठ्ठ्यावर ठेवला आणि मोठा सुस्कारा टाकला. या एका कागदात आमची बहुतेक बैठक गेली.

या प्रसंगात आजाराची सारी यंत्रणा दिसते. काकाजी आळशी नव्हते. त्या घरात ते दिवसभर आवराआवरच करत. पण वस्तू या ढिगातून त्या ढिगात जायची, दाराबाहेर जायची नाही. प्रत्येक वस्तूचा उपयोग त्यांना दिसायचा, तुम्हा-आम्हाला सुचणार नाही असाही दिसायचा. प्रत्येक वस्तूला आठवण चिकटलेली, आणि वस्तू गेली तर आठवणही जाईल ही भीती. चूक होईल या धास्तीनं निर्णयच नको व्हायचा. निर्णय टळला की तगमग क्षणात थांबायची. हा आराम हीच खरी गोम आहे. न टाकल्यावर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाकणं आणखी अवघड होतं.

मेंदूतही हे पाहता येतं. अमेरिकेतल्या डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठवणविकाराचे 43 लोक, मंत्रचळाचे 31 आणि निरोगी 33. प्रत्येकानं घरून आपले कागद आणायचे, मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात पडून राहायचं आणि समोर दिसणारा कागद ठेवायचा की फाडायचा ते सांगायचं. काही कागद स्वतःचे, काही संशोधकांचे. साठवणविकाराच्या लोकांच्या मेंदूत, काय महत्त्वाचं आणि काय धोक्याचं हे ठरवणारे दोन भाग दुसऱ्याच्या कागदाला फारशी दाद देत नव्हते. स्वतःचा कागद समोर आला की तेच भाग नको इतके पेटून उठत. म्हणजे शेजाऱ्याचं घर आवरायला पुढं होणारा माणूस स्वतःच्या घरात एक चिठ्ठी फेकू शकत नाही, यात ढोंग नसतं. त्याच्या मेंदूला ती चिठ्ठी संकटासारखी वाटते.

आता संयोजकांच्या प्रश्नाकडे येते. हा गरिबीचा आजार आहे का? ज्यानं लहानपणी उपास काढले तो मोठेपणी साठवतो, असं आपण सहज म्हणतो. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात रँडी फ्रॉस्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ शिकवत. रेचल ग्रॉस या त्यांच्या विद्यार्थिनीला या विषयाची उत्सुकता होती. साठवणारी माणसं हवीत अशी जाहिरात त्यांनी वर्तमानपत्रात दिली. दोन-चार फोन येतील अशी अपेक्षा होती, आले शंभराहून जास्त. 1993 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, आणि तिथून या विषयाचा खरा अभ्यास सुरू झाला. त्या निबंधात एक गोष्ट सर्वांच्या समजुतीविरुद्ध निघाली: साठवणारी माणसं लहानपणी इतरांपेक्षा जास्त गरिबीत वाढली होती, असं दिसलं नाही. पुढं 2011 च्या एका अभ्यासातही तेच आलं. संबंध दिसला तो आयुष्यातल्या आघातांशी: मृत्यू, मारहाण, ताटातूट. शिवाय घराण्याचाही वाटा असतो; या रुग्णांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या नात्यात आणखी कुणी तरी असाच असतो.

भामरागडच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे. अभावानं माणूस साठवायला शिकतो, पण अभावानं हा आजार होतो असं नाही. म्हणून बाहेरून आलेल्या डॉक्टरनं इथल्या घरातली डबे-पिशव्यांची रांग पाहून आजाराचं लेबल लावू नये. उलट बाजूही तितकीच खरी. ‘आमच्याकडे असलं काही नसतं, ही शहरी लोकांची थेरं,’ असंही म्हणता येणार नाही. आघात इथं काही कमी झालेले नाहीत. बंदुकीच्या सावलीत वाढलेल्या पिढ्या या जिल्ह्यात आहेत. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर साधारण शंभरात दोन-तीन माणसांना हा आजार असतो असं दिसतं. बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे लक्षात ठेवूनही तो आकडा लहान म्हणता येत नाही.

सुरुवात बहुधा अकरा ते पंधरा वर्षांच्या वयात होते, पण तेव्हा आई खोली आवरते, वसतिगृहात अधीक्षक पेटी तपासतात. मग प्रत्येक दशकात पसारा वाढत जातो आणि साठीनंतर, जोडीदार गेल्यावर, मुलं नागपूर-पुण्याला गेल्यावर, तो उघड्यावर येतो. त्या वेळी त्याबरोबर नैराश्य किंवा चिंतेचा आजारही बहुधा असतोच. अशा चार रुग्णांपैकी तिघांत तो सापडतो.

इतिहासातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. होमर आणि लँगली कॉलियर हे दोघे सुशिक्षित भाऊ हार्लेममधल्या वडिलोपार्जित घरात राहत. होमर आंधळा झाला. त्याची दृष्टी परत आली की त्याला मधल्या वर्षांतलं सगळं वाचता यावं म्हणून लँगली वर्तमानपत्रं जपून ठेवत गेला. मार्च 1947 मध्ये पोलीस आत शिरले तेव्हा होमर मरून पडला होता. लँगली सापडायला एप्रिल उजाडला. भावापासून दहा-एक फुटांवर, चोरांसाठी स्वतःच लावलेल्या सापळ्यात, तो कागदांखाली दबून गेला होता. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं, त्यात चौदा पियानो होते. लोक पियानोंची गोष्ट चवीनं सांगतात. मला त्यातली वर्तमानपत्रं मोलाची वाटतात, कारण या आजारात माणुसकी हरवत नाही, ती भलत्या जागी अडकून बसते.

याच आजाराचं एक रूप प्राणी साठवण्याचं आहे. त्याबद्दल बोलताना तुमच्या शेजारचंच उदाहरण घेते. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि शिकारीत आई गमावलेली पिलं डॉ. प्रकाश आमटे सांभाळू लागले. त्यातून माकडं, अस्वलं, बिबटे यांचं अनाथालय उभं राहिलं. आता शहरातल्या एखाद्या बंद सदनिकेत ढिगानं मांजरं कोंडलेली सापडली, अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. तोही माणूस म्हणतो, माझं प्राण्यांवर प्रेम आहे, आणि खोटं बोलत नाही. मग फरक कुठं? पोटभर अन्न, स्वच्छ जागा, औषधपाणी मिळतं की नाही, आणि मिळत नसेल तर ते सांभाळणाऱ्याला दिसतं की नाही. आजारात ते दिसेनासं होतं. इथंही संख्या हे माप नाहीच.

उपचारांबद्दल बोलायचं तर आधी काय करू नये ते सांगते. आपण राष्ट्रसंतांच्या प्रदेशातली माणसं. तुकडोजी महाराजांची ग्रामसफाई आणि गाडगेबाबांचा खराटा आपल्या अंगवळणी पडला आहे. 2000-01 पासून तर बाबांच्या नावानं राज्यभर ग्रामस्वच्छता अभियान चाललं. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण साठवणविकाराच्या माणसाच्या घरात, तो बाहेर गेल्याची संधी साधून, पोरं गोळा करून, ट्रॉली लावून घर धुऊन काढायचं, ही सफाई घातक आहे. घर काही महिन्यांत पुन्हा भरतं, कारण न टाकता येण्याचा आजार तसाच राहिलेला असतो. वर माणसाचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. तो दार लावून घेतो, आणि पुढच्या वेळी मदतीला गेलेल्या आशाताईलाही उघडत नाही. काकाजींच्या घरी हे एकदा घडून गेलं होतं. माझ्या पहिल्या भेटीत त्यांनी आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

अपरिग्रहाचं प्रवचनही कामाचं नाही. अपरिग्रह हे व्रत आहे, ते मन मोकळं असणाऱ्यानं घ्यायचं असतं. ज्याला मोह सुटत नाही त्याला उपदेश करता येईल. ज्याला भीती सुटत नाही त्याला उपदेशानं लाजच वाटते, आणि लाजेनं माणूस आजार लपवतो.

उपयोगी पडतं ते बोलण्याचं आणि सरावाचं उपचारतंत्र. फ्रॉस्ट, गेल स्टेकेटी आणि टोलिन यांनी त्याची 26 सत्रांची पद्धत बसवून 2010 मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. तिचा गाभा सोपा आहे. आधी त्या माणसाला घरात काय करायची इच्छा आहे ते विचारायचं: नातवाला जेवायला बसवायचं आहे? देव्हाऱ्यापर्यंत जायचं आहे? मग तेवढीच जागा घ्यायची. एकेक वस्तू त्याच्याच हातात द्यायची, निर्णय त्यानंच घ्यायचा. टाकल्यावर येणारी तगमग टाळायची नाही, सोबत बसून ती ओसरताना पाहायची. काही सत्रं घरातच घ्यायची, आणि बाजारात जाऊन काही न आणता परत यायचा सरावही करायचा. बऱ्याच जणांना फरक पडतो. घर आरशासारखं लख्ख होईल असं वचन मात्र मी देत नाही. खास या आजाराची अशी गोळी नाही. सोबतचं नैराश्य किंवा चिंता औषधानं कमी झाली की सरावाला बळ येतं. काकाजींच्या घरात सहा महिन्यांनी चूल आणि एक खाट मोकळी झाली. ते बिल अजून आहे. त्यावर आता खरोखर हिशेब लिहिलेला आहे.

हे सगळं भामरागडला कसं जमायचं? निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचा छत्तीसगड होता. मानसिक आजार असलेल्या दहा जणांपैकी सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यातून दिसलं. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथून दिवसाच्या वाटेवर आहे. म्हणून सुरुवात गावातच हवी. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ची 14416 ही मोफत सेवा आहे. जिथं मोबाइलला रेंज आहे तिथून घरातलं कुणीही फोन करून मराठीत सल्ला घेऊ शकतं. इथल्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी अशा घराचा विषय काढता येतो.

पसारा मोजण्यासाठी परदेशात खोल्यांचे नऊ-नऊ फोटो वापरतात; कमी पसाऱ्यापासून छतापर्यंतच्या ढिगापर्यंत. आपली खोली कुठल्या फोटोसारखी दिसते ते रुग्ण बोटानं दाखवतो. वाचता यायची गरज नाही, ही त्यातली सोय. पण त्या फोटोंत सोफे आणि ओव्हन आहेत. आपल्याला पडवी, चूल, ढोली असलेले फोटो हवेत, आणि ते इथल्या शिक्षकांनी आणि आशाताईंनी मिळून तयार करावेत असं मला वाटतं. तोवर चार प्रश्न पुरतील. चुलीच्या हातभर अंतरात जळण्यासारखं काही आहे का? माणूस झोपतो कुठं? दार पूर्ण उघडतं का? आणि आजारी माणसाला खाटेवर घालून न्यायची वेळ आली तर खाट दारातून बाहेर निघेल का? शेवटचा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नाही. ज्या भागात रुग्ण आजही खाटेवरून दवाखान्यात येतो तिथं तो सगळ्यांत आधी विचारायला हवा.

हे प्रश्न मी उगाच भीती घालायला सांगत नाही. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा दहा वर्षांतल्या घरगुती आगींपैकी अशा घरांच्या आगी फक्त 0.25 टक्के होत्या, पण टाळता येण्यासारख्या मृत्यूंपैकी 24 टक्के त्याच आगींत झाले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात कागद वाळून कोळ झालेला असतो, आणि पावसाळ्यात ढिगाच्या उबेला साप-विंचू येतात.

शेवटी कायद्याचं बोलते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून लागू आहे. समाजाच्या रीतीप्रमाणे एखादा वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. एखाद्याचं घर आपल्याला आवडत नाही, हे उपचाराचं कारण होऊ शकत नाही. चूल पेटवता येत नाही, झोपता येत नाही, खाट निघत नाही, ही कारणं होऊ शकतात. तिथंही पहिलं पाऊल त्याची परवानगी घेऊनच टाकायचं.

म्हणून ग्रामसभेला माझी एवढीच विनंती आहे. असं घर तुमच्या गावात असेल तर ते रिकामं करायचा ठराव करू नका. त्या घरी ज्याचं येणं-जाणं आहे असा एक माणूस नेमा; तो पुजारी असेल, शिक्षक असेल, नाही तर शेजारची आत्या असेल. त्यानं आठवड्यातून एकदा जाऊन बसावं आणि पथक आलं की त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. काय बाहेर जाईल ते घरचा माणूसच ठरवेल. ते ठरवताना तो एकटा नसावा, हे काम मात्र गावाचं आहे.